भावाच्या आजारावरच संशोधन करायचं मनात आहे, या वाटेने गेलेल्यांशी बोलायचं आहे

निवडुंग | रविवार, रात्री ११:४०

दादाला जाऊन १४ महिने झाले. आजार एएलएस. मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात, तो. डाव्या हाताने शर्टाचं बटण लागेना, त्या दिवसापासून शेवटपर्यंत २ वर्षं ७ महिने. त्यातले पहिले ११ महिने मानेच्या मणक्याच्या उपचारांत गेले, कारण दुखणं तिथलंच आहे असं एका डॉक्टरांना वाटलं होतं. त्याचा राग गेलेला नाही, पण धागा त्यासाठी काढलेला नाही.

मी २९ वर्षांची. शिक्षण संख्याशास्त्रातलं, नोकरी विमा कंपनीत. कोण किती जगेल याची कोष्टकं बनवण्याचं काम मी दादाच्या आजारपणातही करत होते. शोधनिबंध वाचायला त्याच काळात शिकले. दर तीन महिन्यांनी तपासणीला गेलं की एक प्रश्नावली भरायची असे, एएलएसएफआरएस-आर नावाची. बोलणं, गिळणं, लिहिणं, चालणं, श्वास असे १२ प्रश्न, प्रत्येकाला जास्तीत जास्त ४ गुण, धडधाकट माणसाचे ४८. दादाचे ४१, ३६, २९ असे होत गेले. वहीत आलेख काढून ठेव, असं त्यानेच मला सांगितलं होतं. 'रेघ कुठे वळतेय का बघ,' म्हणायचा. कुठे वळली नाही.

गेल्या महिन्यात एका प्रयोगशाळेत पीएचडीसाठी मुलाखत झाली. हाच विषय का, हा पहिला प्रश्न. मी दादाचं सांगायला लागले आणि मला रडू कोसळलं. समोरच्या मॅडमनी पाणी दिलं, थांबल्या, मग म्हणाल्या, 'कारण समजलं. आता तुमचा प्रश्न काय आहे ते सांगा.' मला सांगता आला नाही. माझ्याकडे एकच प्रश्न होता, दादालाच का. तो तिथे विचारून उपयोग नाही, एवढं मला कळत होतं. त्यांनी दार लावलेलं नाही. सहा आठवड्यांत दोन पानांत प्रश्न लिहून पाठवा, म्हणाल्या. त्यातले दोन आठवडे गेले.

यातून गेलेलं कोणी इथे आहे का? दुःखातून हाती घेतलेलं काम टिकतं का, की दुःख निवलं की तेही निवतं? तोच शब्द, तेच आलेख रोज समोर असताना माणूस उभा कसा राहतो? आई म्हणते, 'तू परत त्याच खोलीत जाऊन बसणार.' आईचं बरोबर असेल तर तेही स्पष्ट सांगा.

पाणपोई | रविवार, रात्री १२:१५

वाचलं गं. आत्ता घाईत काही लिहीत नाही, उद्या-परवा नीट लिहिते. झोप आता.

चौथी खिडकी | सोमवार, सकाळी ७:५०

मी या वाटेने गेले आणि मागे फिरले, म्हणून लिहिते.

माझी बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेली, ट्रिपल निगेटिव्ह प्रकार, म्हणजे नेहमीची हार्मोनची औषधं लागू न पडणारा. मी तेव्हा एमएससीला होते. ती गेल्यावर नऊ महिन्यांत मी त्याच प्रकारच्या पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत दाखल झाले. या पेशी फ्लास्कमध्ये वाढतात. दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नवं पोषक द्रव द्यायचं, दाटी झाली की सोडवून दुसऱ्या फ्लास्कमध्ये लावायच्या. म्हणजे जिने बहीण नेली त्या पेशीला मी जगवत होते, सुट्टीच्या दिवशीही जाऊन जगवत होते. सुरुवातीला वाटायचं, शत्रू नीट ओळखून घेतेय. दुसऱ्या वर्षी एके दिवशी फ्लास्कांत बुरशी शिरली आणि सगळ्या पेशी मेल्या. तीन महिन्यांचं काम गेलं, सगळे हळहळत होते आणि मला आतून बरं वाटत होतं. तेव्हाच मला ओळखायला हवं होतं.

खरी चूक त्यानंतरची. एक रेणू पेशींची वाढ रोखेल अशी आमची अटकळ होती. तीन वेळा प्रयोग केला, तीनदा काही झालं नाही. चौथ्यांदा थोडा फरक दिसला. बैठकीत मी चौथा तेवढा दाखवला. मार्गदर्शकांनी वही मागितली, आधीची तीन पानं वाचली आणि वही मिटून माझ्यासमोर ठेवली. ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. इतरांना प्रयोग फसला की वाईट वाटायचं, मला बहिणीला पुन्हा वाचवता आलं नाही असं वाटायचं. अशा माणसाच्या हातात मोजमाप देऊ नये. तिसऱ्या वर्षी मी बाहेर पडले. आता शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि मनापासून शिकवते.

जाऊ नकोस असं म्हणत नाही. नऊ महिने फार थोडे होते, एवढं सांगते. १४ पुरेसे आहेत का, हे तुलाच कळेल.

अर्धविराम | सोमवार, रात्री १०:३०

चौथी खिडकी, हे इतकं उघड लिहिलंत त्याबद्दल आदर वाटतो. जे एका बैठकीत तुमच्या हातून झालं, ते पूर्ण क्षेत्रांच्या हातून वर्षानुवर्षं होतं. निवडुंग यांच्याच आजारातलं उदाहरण देतो. मी १९ वर्षं चेतापेशींच्या आजारांवर काम करतो आहे. वडील पार्किन्सन्सने गेले, पण ते मी या क्षेत्रात आल्यानंतर.

जेम्स हेवुड हे पेशाने अभियंता. १९९८ साली त्यांच्या धाकट्या भावाला, स्टीफनला, एएलएसचं निदान झालं. जेम्स यांनी १९९९ मध्ये घरच्यांना आणि मित्रांना घेऊन स्वतःचीच संशोधन संस्था उभी केली, एएलएस टीडीआय. त्यांचा हिशोब साधा होता. एसओडी१ या जनुकात बिघाड केलेले उंदीर तेव्हा सगळीकडे वापरले जायचे, आणि या उंदरांचं आयुष्य वाढवणाऱ्या औषधांचे निबंध बरेच होते. ती औषधं घ्यायची, पुन्हा तपासायची, चांगली असतील ती लवकर रुग्णांपर्यंत न्यायची. तपासायला घेतल्यावर एकही टिकेना. २००८ मध्ये त्यांच्या गटाने सगळं प्रसिद्ध केलं: ७० हून अधिक औषधं, सुमारे १८,००० उंदीर, आणि आधी छापून आलेले फायदे पुन्हा मिळाले नाहीत. जुन्या प्रयोगांत एकेका गटात उंदीर फार थोडे होते. नर-मादीचं प्रमाण सांभाळलेलं नव्हतं. एकाच विणीची पिल्लं एकाच गटात गेलेली होती. काही उंदरांत बिघडलेल्या जनुकाच्या प्रती कमी झाल्या होत्या, त्यामुळे ते तसेही जास्त जगणारच होते. औषधाने जगले असं वाटलेले उंदीर कित्येकदा नशिबाने जगलेले होते.

याची किंमत माणसांनी मोजली. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक उंदरांत चांगलं दिसलं होतं. ४१२ रुग्णांवर चाचणी झाली, २००७ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांची अवस्था न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने ढासळली.

स्टीफन २००६ मध्ये गेले. त्यांना वाचवण्यासाठी काढलेल्या संस्थेचं मोठं योगदान कोणतं, तर आपण सगळे मोजताना कुठे चुकत होतो हे दाखवणं. निवडुंग, तुम्ही संख्याशास्त्राच्या आहात. ही संपूर्ण हकिगत संख्याशास्त्राची आहे, म्हणून सविस्तर लिहिली.

वेळेबद्दलही बोलायला हवं. एसओडी१ जनुकाचा एएलएसशी संबंध १९९३ मध्ये कळला. त्याच जनुकावर काम करणाऱ्या टोफरसेन या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली एप्रिल २०२३ मध्ये. मध्ये ३० वर्षं, आणि हा बिघाड असतो १०० पैकी जेमतेम दोघा रुग्णांत. १९९३ मध्ये ज्यांनी आपल्या माणसासाठी काम सुरू केलं असेल, त्यांच्या माणसाला त्याचा उपयोग झाला नाही. तुमच्या दादालाही होणार नाही. कठोर वाटेल, पण हे आधी मनात बसलं की कामाचे दिवस पेलतात.

दीपमाळ | मंगळवार, दुपारी १:०५

मी संशोधक नाही, अशा माणसांबद्दल वाचत असते. दोघींबद्दल सांगावंसं वाटतं.

नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला १९६८ मध्ये हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराचं निदान झालं. आईवडिलांपैकी एकाला तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी. वडिलांनी त्याच वर्षी संशोधनासाठी प्रतिष्ठान काढलं. नॅन्सी मानसशास्त्र शिकल्या होत्या. १९७९ पासून त्या वर्षानुवर्षं व्हेनेझुएलात माराकायबो सरोवराकाठच्या वस्त्यांमध्ये गेल्या, कारण हा आजार तिथे पिढ्यानपिढ्या फार मोठ्या प्रमाणात होता. वंशावळी काढल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. तिथल्या लोकांनी हात पुढे करावा म्हणून आपल्या आईलाही हाच आजार होता हे त्या सांगत. १९८३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावर जनुकाच्या जवळची खूण सापडली, १९९३ मध्ये खुद्द जनुक. आई १९७८ मध्येच गेली होती. २०२० मध्ये नॅन्सींनी जाहीरपणे सांगितलं की आजार आता आपल्यालाही आहे.

दुसऱ्या सोनिया वल्लभ. २०१० मध्ये त्यांची आई झपाट्याने खालावत जाऊन वारली. प्रायॉन आजार, म्हणजे मेंदूतलं एक प्रथिन चुकीचं दुमडून मेंदू नासवणारा, होता हे नंतर कळलं, आणि पुढच्या वर्षी कळलं की तोच बिघाड सोनिया यांच्यातही आहे. त्या कायदा शिकलेल्या, पती एरिक मिनिकेल वाहतूक नियोजनात. दोघांनी आधी जीवशास्त्राचे वर्ग केले, मग प्रयोगशाळेत पडेल ते काम, मग पीएचडी, आणि आता प्रायॉनवर स्वतःचा संशोधन गट चालवतात.

निवडुंग, २९ म्हणजे उशीर झाला असं वाटत असेल तर या दोघांकडे बघ.

चौथी खिडकी | मंगळवार, दुपारी १:४०

दीपमाळ, या दोघींबद्दल मलाही नितांत आदर आहे. पण दोघींचा आजार अजून व्हायचा होता. त्या धावत होत्या ते पुढे बघून. माझी बहीण गेलेली होती, निवडुंगचा दादा गेलेला आहे. तिथे घड्याळ थांबलेलं असतं. अशी उदाहरणं मला तेव्हा खूप जणांनी सांगितली आणि प्रत्येक वेळी मी स्वतःला कमी समजत गेले.

दीपमाळ | मंगळवार, दुपारी २:१०

हे लक्षात आलं नव्हतं. पटलं.

मग गर्ट्रूड एलियन यांचं सांगते, ते कदाचित जास्त जवळचं. १५ वर्षांच्या असताना आजोबा पोटाच्या कर्करोगाने गेले आणि त्यांनी रसायनशास्त्र घेतलं. पुढे ज्यांच्याशी लग्न ठरलं होतं ते १९४१ मध्ये हृदयाच्या जंतुसंसर्गाने गेले. पेनिसिलिन हाताशी आलं असतं तर वाचले असते, असा तो आजार. एलियन यांनी पीएचडी कधीच पूर्ण केली नाही. त्यांच्या ६-मर्कॅप्टोप्युरिनने रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांचं आयुष्य वाढलं, त्यांच्या ॲझाथायोप्रिनमुळे दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीरात टिकायला लागलं, १९८८ मध्ये नोबेल मिळालं. आजोबांच्या पोटाच्या कर्करोगावर मात्र त्यांच्या हातून औषध झालं नाही. ज्या दारातून आत शिरल्या त्या दारातून त्या बाहेर पडल्या नाहीत.

पाणपोई | मंगळवार, रात्री ९:२०

आता नीट लिहिते. मी औषधचाचण्यांची समन्वयक आहे. आधी वॉर्डात परिचारिका होते. नवऱ्याला फुप्फुसाचा फायब्रोसिस झाला, म्हणजे फुप्फुसं कडक होत जातात तो आजार. तो एका चाचणीत होता, गेल्यावर कळलं की त्याच्या वाट्याला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी मात्रा, आली होती. मला खूप राग आला. फसवलं असं वाटलं. चाचणीच्या डॉक्टरांना भेटायला गेले आणि भांडले. त्यांनी ऐकून घेतलं आणि संमतीपत्राची प्रत काढून दिली. चौथ्या पानावर सगळं लिहिलेलं होतं, खाली नवऱ्याची सही होती, साक्षीदार म्हणून माझी. मी न वाचता केली होती.

त्यानंतर दोन वर्षांनी मी या कामात आले. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी चौथं पान मोठ्याने वाचून दाखवते आणि मग त्यांना त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावते. कधी कधी पाऊण तास जातो. माझं संशोधन म्हणशील तर एवढंच.

हे सांगायचं कारण, पीएचडी हा एकच रस्ता नाही. नैतिकता समितीवर शास्त्र न शिकलेला एक सामान्य माणूसही असावा लागतो, आणि घरातलं आजारपण काढलेला माणूस तिथे जे प्रश्न विचारतो ते डॉक्टरांना सुचत नाहीत. रुग्णांच्या नोंदवह्या ठेवणं, चाचणीचे आकडे तपासणं, यालाही माणसं लागतात. आकडे तर तुझा हातखंडा.

आणि अर्धविराम यांच्या उंदरांना जोडून माणसांचं एक. २००८ सालीच एका छोट्या अभ्यासात लिथियमने एएलएस खूप मंदावतो असं आलं. रुग्णांना थांबायला वेळ नव्हता, कित्येकांनी डॉक्टरांकडून लिथियम मिळवून स्वतःच सुरू केलं आणि पेशंट्सलाइकमी या संकेतस्थळावर आपापल्या नोंदी ठेवल्या. हे संकेतस्थळही हेवुड बंधूंच्याच घरातलं. घेणाऱ्या सुमारे दीडशे जणांची, न घेणाऱ्या आणि आजाराची चाल तशीच असलेल्या रुग्णांशी तुलना केली, तेव्हा काही फरक नव्हता. २०११ मध्ये तो निबंध आला. त्या दीडशेंतले किती जण तेव्हा राहिले असतील? तरी शेवटपर्यंत दर थोड्या दिवसांनी आकडे भरत राहिले. मला ते आठवलं की कामावर जायला बळ येतं.

निवडुंग | बुधवार, रात्री ११:५५

सगळं दोनदोनदा वाचलं. पाणपोईताई, चौथं पान डोक्यातून जात नाही.

चौथी खिडकी, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण उपकारच झाले. मी स्वतःला विचारलं, मिनोसायक्लिनसारखा निकाल माझ्या हातात आला तर मी तो छापेन का? उत्तर हो आलं. मग विचारलं, दादा असताना आला असता तर? उत्तर आलं नाही.

एक गोष्ट लिहायची राहिली होती, कारण ती महत्त्वाची आहे असं मलाच वाटत नव्हतं. प्रश्नावलीतला पहिला प्रश्न बोलण्याचा. ४ म्हणजे बोलणं नेहमीसारखं, ३ म्हणजे बिघाड जाणवतो, २ म्हणजे पुन्हा सांगायला लावलं की कळतं. दादाला तिथे वर्षभर ४ मिळत होते. पण घरी आम्हाला कळत होतं. तो 'बाबा' म्हणाला की 'मामा' ऐकू यायचं. 'दार लाव' म्हणाला की 'नार लाव'. आई हसून त्याला चिडवायची, तोही हसायचा. तपासणीला गेलं की तो जपून, सावकाश, नीट बोलायचा, आणि ४ मिळायचे. माझ्या आलेखात तिथे सरळ आडवी रेघ आहे, आणि ती खोटी आहे.

नंतर बोलणं पूर्ण गेलं. डोळे शेवटपर्यंत हलत होते. मी पारदर्शक फळीवर क वर्ग, च वर्ग, ट वर्ग अशा ओळी लिहिल्या होत्या. तो आधी ओळीकडे बघायचा, मग अक्षराकडे. कचटतप शाळेत का शिकवलं ते तेव्हा कळलं.

त्याचे पाचशेच्या वर व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत. बटण लागेना त्याच्या आधीच्या दोन वर्षांपासूनचे. ते मी अजून उघडलेले नाहीत.

मुक्काम पोस्ट | गुरुवार, सकाळी ८:३०

निवडुंग, मी वाचोपचार करते, गेली ११ वर्षं. तुमच्या कानांनी अगदी बरोबर टिपलं होतं.

'ब' आणि 'म' म्हणून बघा. दोन्हींना ओठ मिटतात, दोन्हींना आवाज घशातून येतो. फरक टाळूच्या मागच्या मऊ भागाचा. 'ब' म्हणताना तो वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, 'म' म्हणताना खाली राहतो आणि हवा नाकातून जाते. तो भाग दुबळा झाला की नाकाची वाट उघडीच राहते, मग 'ब'चा 'म' होतो, 'द'चा 'न' होतो, 'ड'चा 'ण'. तुम्ही जी वर्गांची फळी केली होती तिच्यातच हे आहे: प्रत्येक ओळीतलं तिसरं अक्षर पाचव्याकडे सरकतं.

आम्ही 'पटक, पटक, पटक' असं जलद म्हणायला लावतो. ओठ, जिभेचं टोक आणि जिभेचा मागचा भाग यांची एकामागून एक कसोटी लागते. पण तपासणीच्या खोलीत माणूस सगळा जोर लावून बोलतो, हे तुमचं निरीक्षण सोळा आणे खरं आहे. घरचं बेसावध बोलणं आमच्यापर्यंत पोचतच नाही.

भ, घ, ढ, ध यांच्याकडेही लक्ष द्या. इंग्रजीत 'ब' आणि 'भ' असा भेद नाही. आपल्याकडे त्या भेदावर शब्दाचा अर्थ फिरतो. श्वासाचा जोर कमी झालेल्या माणसाचं 'भार' कधी 'बार' होतं, हे इंग्रजी बोलणाऱ्यांवरच्या अभ्यासातून कळणार नाही.

अर्धविराम | गुरुवार, रात्री १०:५०

निवडुंग, मॅडमनी मागितला होता तो प्रश्न तुम्ही काल रात्री लिहून टाकलात. 'दादालाच का' पासून तो फार दूर आहे, आणि त्याचं उत्तर शोधता येतं: तपासणीत बोलण्याचे गुण ४ वरून ३ होण्याआधी, घरच्या बोलण्यात बदल किती आधी दिसतो, आणि तो कोणत्या वर्णांत?

क्षुल्लक वाटेल, पण नाही. औषध लागू पडतंय का हे चाचणीत याच ४८ गुणांवर पुष्कळदा ठरतं. मोजपट्टीच्या खुणा लांब लांब असतील तर फरक दिसायला जास्त माणसं लागतात आणि जास्त महिने लागतात. या आजारात महिने कोणाकडे असतात? बोलण्यावरून आजार मोजायचं काम जगात सुरू आहे. मराठीची वैशिष्ट्यं धरून केलं तर ते आपल्या रुग्णांच्या उपयोगी पडेल.

आता अडचणी. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. दादाचे मेसेज प्रश्न नेमका करायला वापरा, उत्तर द्यायला नाही. व्हॉट्सॲप आवाज दाबून पाठवतं, त्यात बारीक कंपनांची माहिती हरवते, म्हणून आवाजाच्या थरथरीवर काही बेतू नका. बोलण्याचा वेग, थांबे, शब्द ओळखू येतो की नाही, हे तपासता येईल. आवाजावरून माणूस ओळखता येतो, तेव्हा घरच्यांची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी, दोन्ही हवं.

आणि ते मेसेज ऐकून 'इथे बिघडलं' अशी खूण तुम्ही करायची नाही. तुम्हाला तारखा माहीत आहेत. बटण कधी लागेना झालं ते माहीत आहे. तुम्हाला त्याच्या आधीच्या प्रत्येक मेसेजमध्ये 'मामा' ऐकू येईल. दादाला कधीही न भेटलेली, तारीख न सांगितलेली दोन-तीन माणसं ऐकतील, मेसेज उलटसुलट क्रमाने देऊन.

चौथी खिडकी | गुरुवार, रात्री ११:१५

हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. खूण दुसऱ्याने करायची.

निवडुंग | शुक्रवार, पहाटे २:०५

अर्धविराम, वाचून आधी खूप राग आला. त्याचा आवाज सगळ्यात चांगला ओळखणारी मी, आणि मीच ऐकायचं नाही? मग तुमचे उंदीर आठवले. उत्तर उद्या देते.

पाणपोई | शुक्रवार, सकाळी ६:४०

सावकाश. आईशी बोललीस का? संमती त्यांचीही लागणार, आणि कागदावर सही घेण्याआधी चौथं पान.

निवडुंग | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:३०

थोडक्यात कळवते. दोन पानं पाठवली. मॅडमचं उत्तर आलं: पीएचडीबद्दल अजून पक्कं काही नाही, पण सहा महिने अर्धवेळ येऊन आवाजांच्या नमुन्यांचा आराखडा करायला सांगितलंय. त्यात पहिलं काम किती रुग्ण लागतील त्याचा हिशोब. नोकरी सोडत नाही, कमी तासांची मागून घेतली. सहा महिन्यांनी मला आणि त्यांना, दोघींनाही, नाही म्हणायची मोकळीक असेल. हे चौथी खिडकी यांच्यामुळे मी स्वतःहून मागितलं. दादाचे मेसेज परवानगी येईपर्यंत कोणाला द्यायचे नाहीत असं ठरलंय.

आईला सगळं सांगितलं. पाणपोईताई, तुमच्यासारखंच केलं, तिला तिच्या शब्दांत परत सांगायला लावलं. ती म्हणाली, 'म्हणजे अनोळखी माणसं त्याचं बोलणं ऐकणार आणि त्यांना तो कोण ते माहीत नसणार.' मी हो म्हटलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, 'त्यातल्या काहींत मी त्याला चिडवतेय, मागून माझा आवाज असेल, तोही ऐकतील का?' मी म्हटलं, तेवढा भाग कापता येईल. म्हणाली, 'नको, राहू दे.'

मेसेजांच्या नावात तारखा होत्या. त्या काढून सरमिसळ आकडे देणारी छोटी आज्ञावली लिहिली. कोणता आकडा कोणत्या दिवसाचा, ती यादी परवानगी आल्यावर मॅडमच्या कपाटात जाईल, तोवर बंद पाकिटात आईकडे. माझ्याकडे प्रत ठेवली नाही. ५३८ फाइली झाल्या. ०००१ ते ०५३८.

मुक्काम पोस्ट | रविवार, रात्री ८:१०

ऐकायला माणसं लागतील तेव्हा सांगा. माझ्या दोन सहकारी तयार आहेत. मी हा धागा वाचलाय, त्यामुळे मला धरू नका.